सरावांक एकोणतीस

जुलेखा शिकलगार तिसऱ्यांदा नापास व्हायला निघाली होती, आणि तिच्या भावानं त्यासाठी खास इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"एवढं नटायला आज काय निकाह आहे का माझा?" तिनं रिक्षात विचारलं.

"पालकाचा फोटो काढतात आपा. कार्डावर येतो तो," इरफान म्हणाला.

पालक! ज्याला तिनं कडेवर घेऊन अख्खं मिरज हिंडवलं, ज्याचं नाक पुसलं, तो आता बावन्न वर्षांच्या बाईचा पालक होणार होता. कायदाच तसा होता. सरावांक तीन वेळा चाळीसच्या खाली आला की माणूस 'आश्रित' ठरायचा. तोही कायमचा. मग बँकेत, दवाखान्यात, कोर्टात त्याची सही चालायची नाही. मत देता यायचं नाही, साक्ष देता यायची नाही. त्याच्या वतीनं पालक बोलायचा. जुलेखाचे पहिले दोन आकडे होते तेहेतीस आणि एकतीस.

"फक्त सही माझी," इरफाननं तिसऱ्यांदा समजूत घातली. "कारखाना तुझा, कानस तुझी, सगळं तुझंच. माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुझ्यावर आहे रे. माझा माझ्यावर आहे, त्याचं काय करू?"

इरफाननं शर्टाची कॉलर सारखी केली. त्याचा स्वतःचा सरावांक अठ्ठ्याऐंशी होता आणि तो त्यानं दुकानाच्या पाटीवर नावापुढे लिहून घेतला होता. त्या काळात सगळेच लिहायचे.

आता हा सरावांक म्हणजे काय, ते सांगायला हवं. नव्या घरात राहायला गेलात की पहिल्या रात्री भिंतीवरचं घड्याळ झोपू देत नाही. आठ दिवसांनी ते टिकटिकतंय हेही कळत नाही. घड्याळ तेच, कान तेच, पण मेंदू सरावलेला असतो. पुढचा ठोका कसा येणार हे त्यानं ओळखलेलं असतं, म्हणून तो लक्ष द्यायचं सोडून देतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. जो मेंदू हे लवकर करतो तो चलाख, असं एका संशोधनात दिसलं. डोक्यावर तारांचा टोप घालायचा, कानात तीनशे एकसारखे ठोके वाजवायचे, आणि प्रत्येक ठोक्याला मेंदूत उठणारी विजेची लाट किती झपाट्यानं लहान होत जाते ते मोजायचं; तो आकडा म्हणजे सरावांक. मूळ संशोधकांनी बिचाऱ्यांनी लिहिलं होतं, की हा बुद्धीचा एक पैलू आहे, सगळी बुद्धी नव्हे. पण तपासणी पाच मिनिटांची, भाषा नको, लिहिणं-वाचणं नको, वशिला नको. सरकारला आणखी काय हवं असतं? बावीस वर्षांपूर्वी बुद्धिमापन मंडळ स्थापन झालं आणि 'एक पैलू' हे शब्द कुठल्या तरी फायलीत राहून गेले.

जुलेखा तंबोऱ्याची जवारी लावायची. तारांखालच्या घोडीवर कानस अशी फिरवायची, की तारेचा आवाज बंद डबीतून बाहेर आल्यासारखा खुलून यावा. हे काम केसाइतक्या फरकाचं. तार छेडायची, ऐकायची, घासायची, पुन्हा छेडायची. दिवसातून हजारदा. त्यात कान सरावला की संपलं, म्हणून तिच्या अब्बांची शिस्त होती: वीस वेळा छेडलं की तंबोरा खाली ठेव, उठ, तोंड धू, कुणाशी तरी भांड, मग परत ये. कान शिळा व्हायला नको, असं ते म्हणायचे. चाळीस वर्षं जुलेखानं तेच केलं होतं. आता तर तिला उठायचीही गरज पडत नसे. प्रत्येक छेड तिला पहिलीच वाटायची.

मंडळाच्या हॉलमध्ये साठेक माणसं बसली होती. सगळी तिसऱ्या चाचणीची, आणि प्रत्येकाशेजारी होणारा पालक. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा. एका पोरीशेजारी तिचा बाप. अजून कुणी आश्रित झालं नव्हतं, तरी पालक आत्ताच त्यांच्या वतीनं पाणी मागत होते. जुलेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिसरी चाचणी शास्त्रज्ञानं स्वतः घ्यायची असा नियम होता. आतल्या खोलीत डॉ. निहारिका सबनीस होत्या. चाळिशीच्या, थकलेल्या, पण बोलायला मऊ. त्यांनी टोप नीट बसवला आणि म्हणाल्या, "शांत बसा, जुलेखाताई. काही करायचं नाहीये. फक्त ऐकायचं."

"मला तेवढंच येतं, मॅडम."

तीनशे ठोके वाजले. पडद्यावर आकडा आला: एकोणतीस. तो आपोआप नोंदलाही गेला. डॉ. सबनीस टोप काढायला पुढे आल्या, तर जुलेखानं त्यांचा हात धरला.

"ठोके बरोबर नाहीत तुमचे."

"म्हणजे?"

"एकसारखे नाहीत. मधेच एखादा उतरतो. थोडासाच, पण उतरतो. मागच्या दोन्ही वेळी असंच होतं. तेव्हाही सांगितलं, तर तो पोरगेला डॉक्टर हसला."

डॉ. सबनीसही हसल्याच, पण दमून. "हे यंत्र रोज तपासतात हो. मी स्वतः हजारो वेळा ऐकलेत हे ठोके. एकसारखे आहेत."

"हजारो वेळा ऐकलेत ना? मग तुम्हाला काय कळणार!" जुलेखा उसळली. "पुन्हा वाजवा. मी पडद्याकडे पाठ करून बसते. जिथं उतरेल तिथं टेबलावर टिचकी मारते. खोटी ठरले तर गुपचूप उठून जाईन."

नियमात हे बसत नव्हतं. पण डॉ. सबनीस हाडाच्या संशोधक होत्या, आणि कुणी 'तपासून बघा' म्हटलं की त्यांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी ठोके पुन्हा लावले आणि प्रत्येक टिचकीची खूण करत गेल्या. त्यांना स्वतःला ठक ठक ठक यापलीकडे काहीही ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी यंत्राच्या पोटातली नोंद उघडली. ठोके निर्माण करणारा स्फटिक तापला की क्षणभर ढळतो, आणि यंत्र ते इमानेइतबारे लिहून ठेवतं. तीनशेपैकी त्रेचाळीस ठोके ढळलेले होते. जुलेखाच्या टिचक्या एकेचाळीस. सगळ्या अचूक जागी.

"दोन चुकले," डॉ. सबनीस पुटपुटल्या.

"दोनदा तुम्ही खुर्ची सरकवलीत."

डॉ. सबनीसांनी दोन्ही नोंदी पुन्हा ताडून पाहिल्या. त्यांचा चेहरा बघून जुलेखालाच पाण्याचा पेला पुढे करावा लागला.

"मंडळाला हे ढळणं माहीत आहे," त्या हळूहळू बोलू लागल्या. "पण ते 'श्रवणबाह्य' धरलंय. म्हणजे माणसाच्या कानाला कळणारच नाही इतकं लहान. आम्ही बारा जणांना ऐकवून खात्री केली होती. एकालाही फरक कळला नाही."

"कोण होते ते बारा?"

"मंडळातलेच शास्त्रज्ञ." त्यांनी डोळे मिटले. "सगळे नव्वदच्या वरचे."

मग जुलेखानं, ज्या बाईला कायद्यानं अर्ध्या तासापूर्वी मंद ठरवलं होतं तिनं, ते स्वच्छ मांडलं.

"म्हणजे ज्यांचे कान लवकर मिटतात त्यांना तुम्ही विचारलंत, की काही ऐकू येतंय का. ते म्हणाले नाही. मग ज्यांना येतं, त्यांना तुम्ही मूर्खात काढलंत. ठोका वेगळा होता म्हणून आमचा मेंदू दचकत होता, मॅडम. तो त्याचं काम करत होता!"

"हो," डॉ. सबनीस म्हणाल्या. "असं दिसतंय खरं."

"किती माणसं झाली अशी?"

"आश्रित? राज्यात एकसष्ट लाख. त्यातले सगळेच असे नसतील."

"अर्धे असतील?"

डॉ. सबनीस उठल्या, कपाटातून एक डबी काढून आणली. "यात नवा स्फटिक आहे. अजून तापलेला नाही. तासाभराच्या आत मी ही चाचणी यंत्रदोषामुळे रद्द दाखवू शकते. पुन्हा घेऊ. मला वाटतं तुम्ही सुटाल. तुमची सही तुमच्याकडे राहील."

जुलेखाला मोह झाला. खोटं कशाला बोला, फार झाला. घरी जाऊन दार लावून घ्यावं आणि पुन्हा या इमारतीचं तोंड बघू नये, असं तिला मनापासून वाटलं.

"आणि बाहेर बसलेत त्यांचं?"

"मी अहवाल पाठवीन. रीतसर चौकशी होईल."

"आणि समिती म्हणेल, ज्या बाईनं बोंब मारली ती तर पास झाली, आता तक्रार कसली? नको मॅडम. ठेवा ती डबी."

"विचार करा. एका माणसाच्या कानावरून शास्त्रात काही सिद्ध होत नाही. योगायोग म्हणतील."

"एकावरून होत नाही ना? मग बाहेर साठ आहेत!"

ते तर त्यांच्याच शास्त्राचं म्हणणं होतं. डॉ. सबनीसांनी डबी परत कपाटात ठेवली.

दहा मिनिटांनी हॉलमधल्या स्पीकरवर तेच ठोके सुरू झाले. चाचणीला आलेल्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं होतं, म्हणजे कुणी कुणाचं बघून करू नये. ठोका वेगळा वाटला की हात वर करायचा, एवढंच. डॉ. सबनीस कोपऱ्यात यंत्राची नोंद समोर धरून उभ्या होत्या.

पहिल्या ढळलेल्या ठोक्याला अकरा हात वर गेले. बिचकत, खांद्यापर्यंतच. दुसऱ्याला सव्वीस. मग लोकांना धीर आला. विसाव्या वेळेला पन्नास हात एकदम वर गेले आणि एकदम खाली आले, एकाच दोरीनं बांधल्यासारखे. नेमके. पुन्हा वर. पुन्हा खाली. एक म्हातारा डोळे मिटल्या मिटल्याच हसायला लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं होतं, की जे आपल्याला ऐकू येतं ते खरंच आहे.

पालक मात्र एकमेकांची तोंडं बघत राहिले. "काय झालं? काय ऐकलं यांनी?" एक जण कुजबुजला. त्या पोरीचा बाप तर ओशाळून तिचा हात खाली ओढायला लागला. "अगं, काय चाललंय तुझं? सगळे बघतायत." पोरीनं हात सोडवून घेतला आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा वर केला.

ठोके थांबले. डॉ. सबनीस जुलेखापाशी आल्या. "मी हे जसंच्या तसं लिहीन. पण तुम्हाला खरं सांगते, टिकणार नाही. तुम्ही आजच्या आकड्यानं आश्रित झालात, बाकीचे संध्याकाळपर्यंत होतील. आश्रिताची साक्ष धरत नाहीत. ज्यांना ऐकू येतं त्यांना बोलता येत नाही, आणि ज्यांना बोलता येतं…"

"त्यांना ऐकू येत नाही," जुलेखानं वाक्य पुरं केलं. मग तिनं पालकांच्या रांगेकडे बोट केलं. "यांची साक्ष चालते?"

"चालते. सगळे वरच्या श्रेणीतले आहेत."

"मग त्यांनाच लिहू दे. खोटं काही नको, जे झालं तेच. ठोका बदलला हे यंत्रात नोंदलंय. त्या वेळी आमच्या माणसाचा हात वर गेला. आणि मला पालकाला काहीही ऐकू आलं नाही. खाली सही, आणि सहीपुढे सरावांक."

डॉ. सबनीसांनी टेबल ओढलं, कोरा कागद घेतला आणि पहिलं निवेदन स्वतःचं लिहिलं. नावापुढे त्यांनी चौऱ्याण्णव हा आकडा घातला. लिहून झाल्यावर तो कागद त्यांनी सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला.

पालक लगेच पुढे आले नाहीत. दोघांनी आपापल्या माणसाला दंडाला धरून दाराकडे न्यायला सुरुवात केली, पण माणसं जागची हलेनात. शेवटी सगळ्यांच्या नजरा इरफानकडे वळल्या, कारण ही सगळी भानगड त्याच्या बहिणीनं उभी केली होती.

इरफान टेबलापाशी आला. त्यानं डॉ. सबनीसांचा कागद दोनदा वाचला. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती. पाटीवरचा अठ्ठ्याऐंशी, त्याच्या पोरांना त्या आकड्यावर मिळालेली शाळा, बाजारात मिळणारा मान, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं असणार. त्यानं कळवळून बहिणीकडे पाहिलं.

"आपा, हे लिहून दिलं तर माझं काय राहिलं?"

जुलेखाला त्याची दया आली, आणि रागही तेवढाच आला. तिनं कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"सकाळी माझा पालक व्हायला निघालास, तेव्हा माझं जेवढं राहणार होतं, तेवढं."