राखलेली खुर्ची

पौषातला रविवार, आणि बडोद्याच्या कारेलीबागेतलं शेवउसळीचं दुकान. तिथे सकाळी बसायला जागा मिळवायची तर अंगात थोडी बेशरमी लागते, आणि शलाकाला ती देवानं हात सैल सोडून दिलेली. वाफाळती बशी घेऊन तिनं नजर फिरवली. भिंतीकडची एक खुर्ची रिकामी होती, वर कागदी रुमालांचं इवलंसं पाकीट. दुकानदार सुधारला वाटतं, असं म्हणत ती बसली, पाकीट फोडलं आणि तिखट तरीनं वाहणारं नाक पुसून मोकळी झाली.

“ती खुर्ची... माझी आहे,” मागून कुणीतरी अदबीनं म्हणालं.

उंच, सावळा मुलगा. चष्म्याच्या काचांवर उसळीची वाफ धरलेली.

“नाव कुठे लिहिलंय?”

“पाकीट ठेवलं होतं ना मी.”

“एसटीत लोक रुमाल टाकतात, तो तरी कापडाचा असतो. कागद ठेवून जागा राखायला हे काय तुमचं सासर आहे?”

तो हसला. हसताना डाव्या गालाला खळी पडायची मेल्याच्या, ती शलाकानं पाहिली आणि पाहिलीच नाही असं केलं.

नाव नील. घर कारेलीबागेतच, पण गेली सहा वर्षं सिंगापुरात, मेट्रोच्या सिग्नलांच्या कामावर. तिकडे खाण्याच्या बाजारात टेबलावर असं पाकीट ठेवायचं आणि खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं. परत येईतो कुणी त्याला बोट लावत नाही. संक्रांतीच्या पतंगांसाठी महिनाभराच्या रजेवर आला होता आणि आपण बडोद्यात आहोत हेच विसरला होता. शलाकानं स्वतः शेजारचं स्टूल फायलीनं अडवून ठेवलं होतं, तो भाग वेगळा. फाईल उचलून तिनं त्याला बसायला दिलं, आणि सगळं घडलं ते त्या फायलीनं.

शलाका लहरीपुऱ्यात एका टूरवाल्याच्या ऑफिसात कामाला. फाल्गुनात ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ सिंगापूरला निघायचं होतं आणि त्यांच्यासाठी चार पानी माहिती मराठीत लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. साऱ्या गावाला विमानात बसवणारी ही बया स्वतः मुंबईच्या पुढे गेली नव्हती. नीलनं पहिलं पान वाचलं आणि उसळीचा घास तसाच राहिला.

“पावसाळा जून ते सप्टेंबर? तिकडे बारा महिने पाऊस येतो. दुपारी धो धो कोसळतो, रस्ते धुतो आणि निघून जातो. उद्या आणा हे, नीट करून देतो.”

मग रोज सकाळी ऑफिसाआधी शेवउसळ. देश केवढा, तर बडोद्याहून निघून आणंदच्या थोडं पुढे जाईतो संपला. पण तेवढ्यात चार राजभाषा, त्यात एक तमिळ. बहुतेक लोक सरकारनं बांधलेल्या उंच इमारतींत राहतात, आणि खाली चिनी, मलय, तमिळ सगळे एकाच छताखाली जेवतात. च्युइंगम दुकानात मिळत नाही. तो सांगायचा, ती लिहायची, आणि लिहिताना त्याच्या बोटांकडे बघायची. आठवडा झाला तरी चुका संपेनात.

“या बेटावर सिंह मोकळे फिरतात,” नीलनं वाचलं आणि चष्मा काढला. “शलाका, ही चूक... मुद्दाम केलीस?”

“कालच्याही तीन.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

रजेचे तीन दिवस उरले तेव्हा त्यानं विचारलं. आडून आडून नाही, सरळ: येशील? बाबा एकटे आहेत, जमायचं नाही, शलाका म्हणाली आणि बशी तशीच टाकून उठली.

बाबा, म्हणजे जयवंतराव, विमानतळाजवळ, हरणीच्या घरात गच्चीवर बसून होते. डोक्यावरून विमान गेलं. तिनं सगळं सांगितलं, निम्मं रडत. त्यांनी ऐकून घेतलं.

“तुझी आई गेल्यापासून तू मला ढाल करतेस, बाई. भीती तुझी आणि नाव माझं. माझा वरणभात मला येतो. आणि मंडळाच्या यादीत अकरावं नाव कुणाचं, ते वाचलंस का कधी?”

ती यादी शलाकानंच टाइप केली होती. पण तिचं लक्ष कुठे होतं त्या दिवसांत?

रविवारी, नीलच्या शेवटच्या सकाळी, दुकान ओसंडून चाललं होतं. शेजारच्या स्टुलावर शलाका, आणि भिंतीकडच्या खुर्चीवर कागदी रुमालांचं फाटकं पाकीट. एक ढेरपोट्या गृहस्थ दोनदा गुरकावून गेला. दुकानदारही जागा मोकळी करा म्हणून विनवून गेला, “बेन, खुरशी खाली करो ने.” ती हलली नाही. माणूस येतोय, एवढंच म्हणाली. पण येईल का... तिलाही ठाऊक नव्हतं.

अर्ध्या तासानं तो दारात दिसला. पाकीट बघून जागीच थबकला.

“माझंच ते?”

“हो, तेच. तीन रुमाल उरलेत. हे तिकडे घेऊन जा. जेवायला बसशील तेव्हा समोरच्या खुर्चीवर ठेवत जा. फाल्गुनात बाबांच्या मंडळाबरोबर मी येतेय, बघायला.”

“नुसतं बघायला?”

“आधी बघायला. मग... कायमचं बसायला.”

“आणि तोवर कुणी उचललं तर?”

“तिथे कुणी बोट लावत नाही, असं तूच लिहून घेतलंस माझ्याकडून. चार पानांत तुझी एवढी एक चूक निघाली ना, तर बघ.”

त्यानं पाकीट शर्टाच्या खिशात घातलं, अगदी जपून, आणि डाव्या गालाला ती खळी पडली. शलाकानं या वेळी ती डोळे भरून पाहिली. मग दुसरी बशी त्याच्याकडे सरकवली.

“उभा काय राहिलास? बस. तुझीच आहे खुर्ची.”