गरिकायची पिशवी

ज्या तोंडाने मी देवाचं गाते, त्याच तोंडाने हे सांगते आहे. यात पदरचं काही नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. आमच्या बुहेरा गावाकडून डोंगराकडे जाणारा मातीचा रस्ता, ऑगस्टमधला दुसरा शनिवार.

पण आधी त्याच्या मागच्या वर्षीचा शनिवार सांगायला हवा.

मी वाड्यावस्त्यांवर औषधं पोचवते. त्यासाठी मला बॅटरीवरची सायकल मिळाली आहे. तीस किलोचं धूड, मोटर मागच्या चाकात. माझे यजमान, गरिकाय, रोज संध्याकाळी माझी पिशवी भरून ठेवायचे. जुन्या पँटच्या कापडाची, त्यांनीच शिवलेली. आत एक ट्यूब, पॅचची डबी, पंप आणि मोटरचा नट खोलायला मोठा पाना.

पंक्चर काढताना टायरच्या आतून अंगठा फिरवून बघायचे. काटा आत राहिला तर नवी ट्यूबही गेलीच. सापडलेला सराटा माझ्या तळहातावर ठेवायचे.

"घे. तुझा पाहुणा."

त्या शनिवारी डोंगरापलीकडे आमच्या मंडळीचा मेळावा होता. आमचे उपदेशक गात गात प्रवचन सांगतात आणि आम्ही ध्रुवपद उचलतो. वर्षभर मी त्याचीच वाट बघते. कॅरियरवर ढोल बांधायचा होता, म्हणून मी पिशवी उतरवून घरात खुंटीला अडकवली.

"अगं, ढोल राहिला तर तोंडाने वाजवशील," ते म्हणाले. "ट्यूब गेली तर तोंडाने फुंकणार का?"

"तुमची देवापेक्षा पंक्चरवर श्रद्धा जास्त," मी म्हटलं.

ते हसले. मी मागे न बघता निघाले.

प्रवचन असं रंगलं की ऊन कधी उतरलं कळलं नाही. परतताना बायकांसोबत दुसऱ्या वाटेने आले.

घराला कडी होती...

खुंटीवर पिशवी नव्हती.

त्यांना चैन पडलं नसणार. डोंगराकडे फोनही लागत नाही. पिशवी खांद्याला लावून ते माझ्यामागे चालत निघाले होते. हृदय आधीच अशक्त. सात किलोमीटरवर मुहाचाच्या मोठ्या झाडाखाली टेकले, ते टेकलेच. लोकांना सापडले तेव्हा पिशवी छातीशी धरलेली होती.

त्या वेळी मी ध्रुवपद गात होते.

आणि त्या दिवशी माझं चाक पंक्चर झालंच नाही.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या वस्तू नातलगांत वाटतात. पिशवी दूर मुतारे शहरात राहणाऱ्या धाकट्या दिरांकडे, शिंगिरायभावजींकडे गेली. ती मागायला मला तोंड नव्हतं. नंतर वर्षभर मी पिशवीशिवायच फिरले. पंक्चर झालं तर होऊ दे, रखडू दे मला, असंच वाटायचं.

वर्षाने पुन्हा मेळावा आला. मी त्याच रस्त्याने निघाले.

मुहाचाचं झाड दिसलं...

आणि मागचं चाक बसलं.

हवा सुटल्याचा आवाजही आला नाही.

सायकल ढकलत सावलीत नेली. जवळच मारुवा आजींचं घर आहे. पाना मिळतो का बघायला तिकडे गेले.

आजी अंगणात शेंगा सोलत होत्या. डोळे अधू, कान तिखट.

"पाना कशाला गं?" त्या म्हणाल्या. "तुझा माणूस बसलाय की चाक उघडून."

"कुठला माणूस, आजी?"

"मला काय विचारतेस? नवरा तुझा. ऐक ना, पंप मारतोय."

मी कान दिला.

फुस... फुस... फुस...

मी धावले. आवाज थांबला.

झाडाखाली कोणी नव्हतं. मातीत फक्त माझ्या चपलांचे ठसे. सायकल स्टँडवर उभी होती. मागचं चाक दगडासारखं कडक.

आणि सीटवर...

एक सराटा ठेवला होता.

मी मेळाव्याला गेले नाही. तिथेच बसून राहिले, सावली सरेपर्यंत. त्यांना हाक मारावीशी वाटली.

घरी येऊन भावजींना फोन लावला. "पिशवी बघता का जरा?"

ते उठले. डबी उघडल्याचा आवाज आला.

"वहिनी, पिशवी खुंटीलाच आहे. वर्षभर कोणी हात लावला नाही. पण डबीत एक पॅच कमी आहे. आणि पंप... पंप गरम लागतोय."

पुढच्या आठवड्यात ते स्वतः पिशवी घेऊन आले. "तुमच्याकडेच ठेवा," म्हणाले. चहालाही थांबले नाहीत.

तेव्हापासून दोन वर्षं झाली. आता मी पिशवीशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. निघण्याआधी ट्यूब, पॅच, पंप, पाना, सगळं हाताने चाचपते. पंक्चर काढलं की टायरच्या आत अंगठा फिरवते. काटा राहू देत नाही. त्यांना पुन्हा उन्हात चालावं लागू नये, एवढंच.

तरी त्या रस्त्याला लागलं की मुहाचाच्या अलीकडे...

मागून पावलं वाजतात. सावकाश. धाप लागलेल्या माणसाची.

मी थांबले की ती थांबतात.

पिशवी माझ्या खांद्यावर असते. चाकात हवा असते.

मग ते मला काय द्यायला येतात?