तीन सरळ फरश्या

बार्शीहून भूमला निघालेल्या दुपारच्या गाडीत तो मागून तिसऱ्या बाकावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर स्टीलचं सिंक होतं. नवंकोरं, वरचा प्लास्टिकचा कागद अजून न काढलेलं. खिडकीतलं ऊन त्यावर पडायचं आणि गाडीच्या छतावर पांढरा कवडसा नाचायचा.

प्रतीक्षा तिकिटं देत त्याच्यापाशी आली. वडील एसटीत ड्रायव्हर होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी तिला कंडक्टरची नोकरी लागली, त्याला चार वर्षं झाली. कोंबड्या, पिठाचे डबे, शिलाई मशीन, एकदा तर अख्खा पाळणा तिच्या गाडीतून गेला होता. पण सिंक कुशीत धरून बसलेला माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

"एक भूम," तो म्हणाला.

"आणि ह्याचं?"

"ह्याचं काय?"

"लगेज लागंल."

"मांडीवर घेतलंय, मॅडम. कुणाची जागा अडवली न्हाय."

"मांडी तुमची असली तरी गाडी महामंडळाची हाय."

शेजारची म्हातारी पदराआड हसली. तो तिच्या खाकी शर्टावरच्या नावाच्या पट्टीकडं क्षणभर बघत राहिला, मग दोन्ही तिकिटं घेतली. घेताना मात्र हसला... असा, की प्रतीक्षाला उगाच वाटलं, आपणच काहीतरी विनोदी बोलून गेलो.

ड्यूटी संपवून ती घरी पोचली तेव्हा दाराच्या चौकटीला एक सिंक टेकवून ठेवलेलं होतं. प्लास्टिकचा कागद तसाच.

आत तो मोजपट्टी धरून भिंत मोजत होता आणि तिची आई, उमाबाई, त्याला चहा देत होती.

"आली व्हय? हे मल्हार कोकरे. ईट गावचे. स्वयंपाकघराच्या कामाला मामानं धाडलंय. येताना सिंकबी घेऊन आले बग बिचारे."

प्रतीक्षा दारातच थांबली.

"म्हंजे... आमच्याच सिंकचं तिकीट काढलं म्या?"

"व्हय," तो मोजपट्टी गुंडाळत म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पट्टीवर शेंडगे वाचलं. मामांनी सांगितलं होतं, भाची कंडक्टर हाय म्हणून."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी एवढ्या कायद्यानं मागत होता... देऊ वाटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडफोड सुरू झाली. त्याआधी दोन दिवस मायलेकींनी सगळं स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीत आणलं होतं. भांडी कॉटखाली, डाळींचे डबे कपाटात साड्यांच्या घडीवर, हळद कुठं गेली ते तर कुणालाच ठाऊक नव्हतं. गॅसची शेगडी टीव्हीशेजारी मांडली, पण आईनं पहिल्याच दिवशी ठरवलं, भाकरी अंगणातच करायच्या. तीन दगड मांडून चूल पेटवली. माघाची थंडी होती. सकाळी चुलीपाशी बसून परातीत भाकरी थापणारी आई कित्येक वर्षांनी निवांत दिसत होती.

मल्हारनं घण उचलला आणि खाली ठेवला. जुन्या ओट्यासमोर एक लाकडी पाट होता, मधोमध झिजून खोलगट झालेला.

"मावशी, ह्यो पाट इथं कशाला?"

"त्येच्यावर उभं ऱ्हाऊन करते की स्वयंपाक. ओटा उंच हाय."

"किती वर्सं?"

"ओटा बांधला तवापास्नं. बावीस झाली."

"कुणी सांगितलं न्हाय मिस्त्रीला, खाली घे म्हणून?"

आई भाकरी फिरवत म्हणाली, "ह्यांची उंची बघून बांधला मिस्त्रीनं. मला कुणी इचारलंच न्हाय."

प्रतीक्षा ड्यूटीचे बूट घालत होती. नाडी हातात धरून ती तशीच बसून राहिली. लहानपणापासून तिनं तो पाट बघितला होता. त्यावरून अडखळून पडलीसुद्धा होती. पण तो तिथं का आहे, हे तिलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

मल्हारनं आईला भिंतीपाशी उभं केलं, पीठ मळल्यासारखे हात करायला सांगितले आणि तिच्या कोपराखाली पेन्सिलीनं रेघ मारली. मग प्रतीक्षाकडं बघितलं.

"तुमी उंच हायसा. तुमाला वाकावं लागंल."

"आईच्याच मापाचा करा. मी काय... किती दिवस हाय इथं."

का कोण जाणे, हे वाक्य बोलल्यावर तिचं तिलाच खटकलं.

मग दिवस धुळीत जाऊ लागले. चहात धूळ, केसात धूळ, देवाच्या फोटोवर धूळ. तरी घरात कसली तरी बरकत आल्यासारखी वाटत होती. दुपारच्या गाडीवरून ती परत यायची तेव्हा ओल्या सिमेंटचा वास अंगणापर्यंत आलेला असायचा आणि आत थापीचा टक्... टक् आवाज. मग तिघं चुलीभोवती जेवायला बसायची. मल्हार सांगायचा, पुण्यात सहा वर्षं फरशी बसवली. एकविसाव्या मजल्यावरची स्वयंपाकघरं केली, पण त्यात कुणी भाकरी करताना कधी दिसलं नाही. गावाकडं म्हाताऱ्या वडिलांची मेंढरं होती, म्हणून परत आला.

"पस्तावा न्हाई होत?" प्रतीक्षानं विचारलं.

"व्हायचा कधीमधी." त्यानं भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. "ह्या आठ दिसांत न्हाय झाला."

आई उठून पाणी आणायला गेली. पाणी तर भरलेलं होतं.

गुरुवारी बलभीम मामाचा फोन आला. आईनं बोलून फोन ठेवला आणि मल्हारला म्हणाली, "रविवारी पाव्हणे यायलेत. हिला बघायला. पुण्याचा मुलगा हाय. तवर व्हईल का सगळं?"

थापीचा आवाज थांबला.

"व्हईल," तो म्हणाला. "शनिवारी आटपतो."

आणि पुन्हा टक्... टक्. जरा जास्तच जोरात.

प्रतीक्षाला वाटलं होतं, तो काही म्हणेल. निदान चेष्टा तरी करील. पण तो सिंकच्या मागच्या भिंतीला फरश्या लावत राहिला. एक, दोन, तीन, घाईघाईनं, जणू कुणी मागं लागलंय. ती दारात उभी राहिली. काहीतरी बोलायचं होतं आणि तोंडून भलतंच निघालं.

"ती फरशी वाकडी वाटतीय."

"कुठली?"

"ती... खिडकीकडची."

त्यानं पाणसळ लावून बघितली. बुडबुडा बरोब्बर मधे होता. त्यानं तो तिला दाखवला, तिनं बघितलाच नाही. मग त्यानं फरशी काढली, मागचं सिमेंट खरवडलं आणि पुन्हा लावली.

शुक्रवारी सकाळी तिला दुसरी वाकडी दिसली. दुपारी तिसरी. तिसरी काढून बसवल्यावर त्यानं हात पुसले आणि आवाज खाली आणत म्हणाला,

"मॅडम, तिन्ही फरश्या सरळ होत्या. तुमाला ठाऊक हाय."

"मग काढल्या कशाला?"

"तुमी म्हणला म्हणून."

"मी म्हणंल ते करणार?"

"सांगून तर बघा..."

खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती आणि धुळीचे कण त्यात तरंगत होते. त्याच्या भुवईवर पांढऱ्या सिमेंटचा ठिपका होता. तो पुसायला तिचा हात उठला — आणि कॉलेजातले, घरातले, डेपोतले सगळे उपदेश आठवून परत खाली आला.

"शनिवारी नका संपवू," ती कशीबशी म्हणाली.

त्यानं थापी पाण्यात बुडवून पुसली. "संपवायला लागंल. अर्धं घर पाव्हण्यांनी बघितलं तर मावशीला खाली बघावं लागंल. माझ्यापायी ते नको."

शनिवारी त्यानं काम संपवलं. सांधे भरले, ग्रॅनाइट पुसून घेतलं, नळ सोडून दाखवला. राडारोडासुद्धा स्वतः उचलून नेला. जाताना आईच्या पाया पडला. प्रतीक्षाला फक्त म्हणाला, "येतो." त्याची मोटारसायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारातच होती.

रविवारी सकाळी तिला जाग आली ती पीठ थापण्याच्या आवाजानं. आई नव्या ओट्यापाशी उभी होती. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, पाठ ताठ, हात सैल. न वाकता, टाचा न उचलता ती भाकरी करत होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. प्रतीक्षानं तिला गुणगुणताना कधी ऐकलं होतं, आठवेना. तिचे डोळे भरून आले.

"रडतीस कशाला? पाव्हणे दुपारी येणार. आत्तापास्नं डोळं सुजवू नगं."

"आई..."

"बोल की."

"त्यांना... नको येऊ म्हण."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. घाई केली नाही.

"तीन फरश्या काढून परत लावल्या त्या पोरानं," ती म्हणाली. "म्या अंगणात चुलीपशी व्हते. बहिरी न्हाय म्या. वाट बघत व्हते, लेक तोंडानं कवा सांगंल."

"मामा चिडंल."

"चिडू दे. बावीस वर्सं मला कुणी इचारलं न्हाय. तुला तरी इचारावं का न्हाय कुणी?" तिनं हात धुतले आणि फोन घेतला. "तू जा ईटला. इथं थांबू नगं, त्येचा आवाज लई चढतो."

ईटला ती नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच तिकीट काढून, बाकावर बसून गेली. फाट्यावर उतरून विचारत विचारत घर गाठलं. अंगणात मल्हारची आई, सीताबाई, लोकर पिंजत बसली होती. खाकीऐवजी पिवळ्या ड्रेसमधल्या प्रतीक्षाला तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मी भूमची. शेंडगे. तुमच्या मुलानं आमचं स्वयंपाकघर केलं."

"मग? फरशी वाकडी बसवली का काय?"

गोठ्याच्या दारात मल्हार येऊन उभा होता, कडेवर कोकरू घेऊन. चार दिवसांचं असेल. मल्हारचा चेहरा उतरलेला होता आणि तिला बघून कोकरू हातातून निसटता निसटता राहिलं.

प्रतीक्षानं त्याच्याकडं बघत सीताबाईला उत्तर दिलं, "न्हाई. सगळं सरळ बसवलंय. मीच खोटं बोलले होते."

सीताबाईनं एकदा लेकाकडं बघितलं, एकदा हिच्याकडं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "च्या ठेवते," म्हणाली आणि आत गेली ती लवकर बाहेर आलीच नाही.

"पाव्हणे?" त्यानं विचारलं.

"नको म्हणून सांगितलं."

"का?"

"तुम्हाला ठाऊक न्हाई?"

"ठाऊक हाय. तरी ऐकायचंय."

ती हसली. कोकराच्या कानावरून बोट फिरवत म्हणाली, "मला तुमच्यासंग ऱ्हायचंय. पण भूम सोडणार न्हाई मी. आई एकटी हाय. नोकरीबी हाय."

"म्या कुठं सोडा म्हणतोय? माझी निम्मी कामं भूममधीच असत्यात. मावशीला चालत असंल तर..." तो अडखळला. "आवडला व्हतात तुमी. गाडीतच. त्या दिवशी भूम लवकर आलं."

चहा झाला. सीताबाईनं तिच्या हातावर गूळशेंगदाणे ठेवले आणि आईला घेऊन पुढच्या सोमवारी यायला सांगितलं. मल्हार तिला फाट्यापर्यंत सोडायला आला. दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी उभी होती आणि रस्ता तिला वाटला होता त्यापेक्षा फारच छोटा निघाला.

भूमची गाडी आली. स्टेअरिंगवर गोरोबानाना होते, तिच्या वडिलांच्या बरोबरचे. त्यांनी ब्रेक मारला, प्रतीक्षाकडं बघितलं, तिच्या शेजारच्या माणसाकडं बघितलं.

"येतीस का गं, पोरी?"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या डेपोत बोभाटा होणार, हे तिला ठाऊक होतं. उद्या हजेरीला गेलं की बायका घेराव घालणार.

"तुम्ही व्हा पुढं, नाना," ती म्हणाली. "मी मागच्या गाडीनं येते."

गाडी धूळ उडवत निघून गेली. मागची गाडी दीड तासानं होती. दोघं फाट्यावरच्या लिंबाखाली दगडावर बसले आणि मल्हार विचारू लागला, हळद शेवटी कुठं सापडली.