जिथे गोमिये होता

मा तितीनचे इन्सुलिन अंधार पडण्याच्या आत ग्राँ फों गावाला पोहोचवायचे होते, आणि ते पोहोचवण्याचा एकच मार्ग उरला होता: तलावापासून डोंगर ओलांडून जाणारी, वापरातून गेलेली पायवाट. मोटाररस्ता दरडीखाली होता. अटलांटिक असा खवळला होता की किनाऱ्याने नाव न्यायला एक दारुड्याही तयार होईना. आणि मा तितीनला, ओझेलियाच्या म्हाताऱ्या मावशीला, कालपासून ग्लानी येत होती. गावातल्या दवाखान्याची वीज गेली, शीतपेटीतला साठा नासला, असे परिचारिकेने फोनवर सांगितले होते. त्यानंतर फोनही गेला.

ओझेलियाने आपली मिनीबस तलावाच्या काठी उभी केली, बर्फाचा थर्मास पोटाशी धरला आणि मागे वळून पाहिले. जर्व्हे आपली प्रवासी पेटी बसमधून उतरवत होता. पेटीला चाके होती.

ओझेलियाच्या मते, ह्या सगळ्या संकटाचे मूळ ह्याच माणसात होते. जर्व्हे तिचा मावसभाऊ. तरुणपणी लंडनला गेला, तिथे भुयारी रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाला, आणि आता पांढरी टोपी घालून, बायकोला घेऊन डोमिनिकेत सुट्टीवर आला होता. रविवारी ओझेलियाने राजधानी रोझोच्या इस्पितळातून हेच औषध आणले तेव्हा त्याने मोठ्या रुबाबात ते मागून घेतले. आपल्याकडे भाड्याची जीप आहे, फोनमध्ये नकाशा आहे, मावशीच्या हातात औषध आपणच ठेवू, असे त्याने जाहीर केले. मग नकाशाने त्याला एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेले, दुसऱ्यावरून धबधब्यावर नेले, आणि शेवटी एका केळीच्या बागेत नेऊन जीप चरात घातली. औषध मात्र हॉटेलच्या फ्रिजमध्ये, बिअरच्या बाटल्यांशेजारी, थंडगार आणि सुरक्षित राहिले. दरम्यान पाऊस आला, आणि डोंगराने रस्त्यावर अंग टाकले.

सुट्टीवर येणाऱ्यांना ओझेलिया आयुष्यभर बसमधून वाहत आली होती. बेट नकाशात तळहाताएवढे दिसते, म्हणून ते दुपारच्या जेवणापूर्वी पालथे घालता येईल, असे त्या सर्वांना वाटते. परक्यांना ती त्याबद्दल क्षमा करी. परके ते परकेच. पण ज्याच्या आईने ह्याच पायवाटेने डोक्यावर डशीनच्या कंदांची टोपली घेऊन शनिवारचा बाजार गाठला, त्याने चाकांची पेटी घेऊन यावे!

“आत आहे काय एवढं?” तिने विचारले.

“भेटी आहेत. सगळ्यांच्या. मावशीसाठी चर्चला घालायची हॅट आहे, खास शिवून घेतलेली.”

“मग आधी हॅट देऊ या. शुद्धीत आली तर घालेल.”

जर्व्हेने पेटीचा दांडा ओढला. चाके चिखलात अर्धी बुडाली. मग त्याने ती खांद्यावर घेतली आणि, सगळ्यांनी चालावे ह्याचीच आपण वाट पाहत होतो असा चेहरा केला. त्याची बायको मार्शिया बुटांच्या नाड्या आवळत होती. ती मूळची बार्बाडोसची.

“वहिनी, तुमच्या बेटावर डोंगर असतात का हो?” ओझेलियाने चालता चालता विचारले. “का रस्त्यातल्या गतिरोधकांनाच डोंगर म्हणतात?”

“आमच्याकडे रस्ते जागेवर राहतात,” मार्शिया म्हणाली. “त्यामुळे डोंगर लागत नाहीत.”

ओझेलियाला हे उत्तर आवडले. पण तिने तसे दाखवले नाही.

तलावामागचा चढ ढगातून जात होता. तिथली झाडे वाऱ्याने ठेंगणी केलेली, अंगभर शेवाळाचे कपडे घातलेली. त्यांच्या मधून वृक्षनेच्यांच्या छत्र्या पाण्याच्या ओझ्याने झुकलेल्या. ढगाचा पडदा फाटला की क्षणभर पश्चिमेचा शांत समुद्र आणि पूर्वेचा फेसाळलेला समुद्र असे दोन्ही दिसत, आणि पुन्हा सगळे पांढरे होई. पायवाट होती, पण आठवणीपुरती. वस्तऱ्यासारखे गवत पोटऱ्या कापत होते. जर्व्हेची पांढरी टोपी पहिल्याच टप्प्यात तपकिरी झाली, आणि त्याचा श्वास घोड्यासारखा वाजू लागला. तरी दर थांब्यावर तो फोन काढून निळा ठिपका पाहत राहिला.

खिंडीच्या पलीकडे वाट फुटली. एक फाटा सरळ धारेवरून जात होता, दुसरा डावीकडे उतरत होता. जर्व्हेचे म्हणणे पडले की सरळ जावे. ठिपका तसेच सुचवत होता. ओझेलियाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ग्राँ फोंच्या माणसाला ही वाट काय सांगावी लागते! लहानपणापासून पाठ झालेले वाक्य होते: जिथे गोमिये होता, तिथून डावीकडे. त्या प्रचंड झाडाच्या बुंध्याशी बाजारच्या बायका टोपल्या उतरवून दम घेत. काही वर्षांपूर्वीच्या मारिया वादळात तो पडला, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होते. पण म्हणून त्याच्यावरून वाट सांगणे कोणी सोडले नव्हते. ह्या बेटावर निम्मे रस्ते असेच सांगितले जातात: शाळा होती तिथे वळा, पूल होता तिथे उतरा.

आणि इथे तर पुरावाच आडवा पडला होता. शेवाळलेला, माणसाच्या उंचीचा जाड ओंडका. साल खरवडली की धुपासारखा वास.

“तुझ्या ठिपक्याला हा वास येतो का विचार,” ती म्हणाली, आणि डावीकडे उतरली.

उतार प्रथम वाटेसारखा होता. मग ओहोळासारखा झाला. मग ओहोळच झाला. दगड पायाखालून सुटू लागले, आणि तिघे मुळांना धरून बसत, घसरत, पुन्हा उभे राहत खाली जात राहिले. ओझेलियाला उजव्या हाताला वापरातून गेलेले पायऱ्यांचे दगड लागायला हवे होते. ते लागले नाहीत. तिला शंका आली. शंका आली म्हणून तिने पावले अधिक खात्रीने टाकली.

तेवढ्यात मागे आवाज झाला. कोणीतरी लांब, ओला श्वास सोडावा तसा. ओझेलियाने वळून पाहिले, तर ते ज्या ओहोळातून उतरले होते त्याची वरची बाजू हलत होती. नेचे उभ्याने चालले होते!

“बाजूला!”

तिघे कपारीला चिकटले. चिखल, दगड, झाडांचे शेंडे समोरून गडगडत गेले. सगळे थांबले तेव्हा वर जायला वाट उरली नव्हती. आणि खाली, जिथे गावाची शेते दिसायला हवी होती तिथे, लाल पाण्याची एक नदी घळीतून धडका देत वाहत होती.

जर्व्हेने खिशातून फोन काढला, पुसला. मग त्याने फोन पुढे धरला. पडद्यावर नुसता हिरवा रंग होता, आणि मध्ये ठिपका.

“हा दुसराच गोमिये होता,” तो म्हणाला.

हे तिला दिसत होते. डोंगर खचल्यावर झाडेही जागा सोडतात. किंवा वादळाने एकच गोमिये पाडला असेल असे समजणेच मूर्खपणाचे होते. इतरांच्या अज्ञानासाठी जपून ठेवलेला सगळा तिरस्कार आता तिच्या स्वतःच्या दारी येऊन उभा राहिला, आणि तो आत घ्यावा की नाही हे तिला कळेना. तिने थर्मास कानाशी हलवला. बर्फाचा खळखळ आवाज पातळ झाला होता. उजेडही उतरणीला लागला होता. पाणी चढत होते. ते थांबण्याची वाट पाहिली तर आजचा दिवस जाणार होता, आणि मावशीकडे उद्याचा दिवस असेलच असे नव्हते.

“थांबा,” मार्शिया म्हणाली. “हे काय वाजतंय?”

नदीच्या पलीकडून, वरून, एक घोगरा लांब सूर आला. पुन्हा आला. शंख!

ओझेलियाने तोंड वाकडे केले. हा कथबर्ट, मासळीवाला. दर शुक्रवारी दरडीच्या पलीकडच्याच किनाऱ्यावरून गाडी घेऊन गावात यायचा. साऱ्या पूर्व किनाऱ्यावर त्याच्याइतका खोटारडा माणूस नव्हता. चार दिवस एकही नाव पाण्यात गेली नव्हती, तरी हा ताजी मासळी आली म्हणून शंख फुंकत होता. म्हणजे गेल्या आठवड्याचे बर्फातले मासे खपवत होता.

“खोटं का असेना,” मार्शिया म्हणाली, “फुंकतो कुठे उभा राहून?”

ओझेलिया तिच्याकडे पाहतच राहिली. कथबर्ट नेहमी एकाच जागी उभा राहायचा: चर्चच्या बाजूला, नीरफणसाच्या झाडाखाली, कारण तिथून पळून जायला रस्ता उताराचा होता. त्याचा शंख खोटा होता. त्याची जागा मात्र खरी होती.

“नदी ओलांडायची,” ती म्हणाली.

बसची ओढदोरी तिने कमरेभोवती आणली होती. तिघांनी ती बांधून घेतली: पुढे जर्व्हे, मध्ये ती, मागे मार्शिया. थर्मास हातात धरणे शक्य नव्हते. दोन्ही हात खडकांना लागणार होते. ओझेलियाने डोक्याचा रुमाल सोडला, पीळ घालून त्याची चुंबळ केली आणि थर्मास डोक्यावर आडवा ठेवला. बस आल्यापासून तिने डोक्यावर कधी काही वाहिले नव्हते. मान मात्र विसरली नव्हती.

“पेटी ठेव इथे,” ती जर्व्हेला म्हणाली.

“खांद्यावर आहे. काही होत नाही.”

पाणी गुडघ्याला लागले. मांडीला लागले. मग एकदम कमरेला! गारठ्याने श्वास तुटला. तळाचे दगड घरंगळत घोट्यांवर आपटत होते. ओझेलियाने नजर पलीकडच्या काठावर खिळवली आणि मान तेवढी स्थिर ठेवली. बाकीचे शरीर नदीने हवे तसे हलवावे. मध्यावर तिचा पाय ज्या दगडावर होता तो नाहीसा झाला. ती बुडाली नाही, पण वाकली. डोक्यावरचा थर्मास सरकला. दोरी ताणली. मागून मार्शियाने जोर दिला, पण तो पुरेना. पुढे जर्व्हे वळला. एका हाताने खडक धरलेला, दुसऱ्याने पेटी.

“जर्व्हे,” ती हळू म्हणाली. मोठ्याने बोलली असती तर मान हलली असती. “पेटी सोड.”

त्याने पेटीकडे पाहिले. मग तिच्याकडे. आणि सोडली!

मोकळ्या हाताने त्याने तिचा दंड पकडला आणि तिला खडकाकडे खेचले. थर्मास घसरून चुंबळीच्या कडेला आला, अडला, राहिला. पेटी पोट वर करून प्रवाहात फिरली आणि चारही चाके आकाशात धरून खाली निघून गेली. काठ लागला. तिघे चिखलात पडले.

मग पुन्हा शंख वाजला, आणि ते त्या लबाडाच्या दिशेने चढू लागले. ओझेलिया पुढे होती, पण प्रत्येक वळणावर थांबून मार्शियाला विचारत होती, सूर कुठून येतोय. कारण तिचे कान बसच्या इंजिनाने केव्हाच जाड केले होते. शेवटी डशीनची रुंद पाने दिसली, मग कुंपण, मग नीरफणसाचे झाड. कथबर्टने शंख खाली घेतला, चिखलाच्या तीन पुतळ्यांकडे पाहिले आणि ताजा टूना हवा का, असे विचारले.

परिचारिकेने सुई दिली तेव्हा खिडकीत अजून उजेड होता.

सकाळी मा तितीन उशीला टेकून बसली. जर्व्हे घाईघाईने आत शिरला, आणि रिकाम्या हातांचे काय करावे हे न कळून त्याने ते पाठीमागे धरले. म्हातारीने त्याच्याकडे पाहिले नाही. घरात शिरताना आधी नमस्कार करतात, हे लंडनमध्ये विसरायला लागते का, असे तिने भिंतीला विचारले. त्याने नमस्कार केला. मग तिने भाचीकडे मोर्चा वळवला.

“कुठून आलात?”

“तलावाच्या वाटेने.”

“ती तर सरळ धारेवरून येते. नदीत कसे पडलात?”

“सरळ?” ओझेलिया म्हणाली. “मावशी, जिथे गोमिये होता तिथून डावीकडे ना?”

मा तितीनने कोको चहाचा शेवटचा घोट घेतला.

“तो गोमिये डेव्हिड वादळात पडला. तू चौदा-पंधरा वर्षांची असशील तेव्हा. तो खिंडीच्या अलीकडे, तलावाच्या बाजूला होता. तिथून डावीकडे वळलं की मग खिंड, आणि खिंडीपासून सरळ.” तिने पेला खाली ठेवला. “तुझी आई ही वाट डोळे मिटून यायची. तू कधी चाललीस शेवटची?”

ओझेलियाने पलंगावरची चादर सारखी केली. बस घेतल्यापासून ती ह्या वाटेला एकदाही लागली नव्हती. जर्व्हे खिडकीबाहेर पाहत होता, आणि हसू दाबल्यामुळे त्याचे खांदे हलत होते.

“तू हसू नकोस,” म्हातारी म्हणाली. “तुझी पेटी काय, हिची बस काय. दोघंही चाकांचीच माणसं. ह्या घरात पाय फक्त ह्या बार्बाडोसच्या पोरीला दिसतायत. ये गं, बस इथे.”

मार्शिया जाऊन पलंगाच्या कडेला बसली. ओझेलियाने रिकामा पेला उचलला आणि मावशीसाठी आणखी चहा आणायला निघाली. दाराशी ती थांबली.

“वहिनी, तुम्हालाही आणते,” ती म्हणाली.