उजव्या रांगेतल्या काठ्या

सकाळचा उजेड आधी चुलीच्या धुराड्यावर आला आणि बराच वेळ तिथेच थांबला. काळ्या पत्र्यावर हाताएवढा एक फिकट तुकडा. त्याला ना ऊब होती, ना रंग. मग तो सावकाश भिंतीच्या फळ्यांवर उतरला, लाकडातल्या गाठींवरून सरकला, खुंटीवर वाळत घातलेल्या लोकरी मोज्यांपाशी रेंगाळला, आणि टेबलावर पडलेल्या संत्र्याच्या सालींवर आला तेव्हा कुठे त्याला रंग चढला. बाहेर छपरावरचा बर्फ थेंबाथेंबाने गळत होता. मे महिना तोंडावर आला होता. पठारावरचा हिवाळा थकला होता, पण अजून उठून गेला नव्हता. वरच्या बिछान्यात उताणा पडून हाल्वर त्या उजेडाच्या मागोमाग जात होता. धुराडं... फळी... मोजे... साल. एका वेळी एकच. पूर्वी ही खोली डोळे उघडताच सगळीच्या सगळी समोर उभी राहायची. आता ती त्याला अशी वेचून गोळा करावी लागे.

झोप पुरी झाली नसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

शरद ऋतूत शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून जे सांगितलं, ते त्याने मान हलवत ऐकून घेतलं होतं आणि जिना उतरता उतरता तिथेच टाकून दिलं होतं. आईच्या भावाची दृष्टी अशीच गेली होती, कडांकडून आत आत विझत. पण मामाची गोष्ट वेगळी, असं हाल्वर म्हणे. ती कशी वेगळी, हे त्याने कधी स्वतःला विचारलं नाही. गाडी चालवणं मात्र त्याने सोडलं होतं. मागच्या सीटवर बसून डोंगर बघायला आवडतं, असं तो सांगे, आणि मित्रांना ते पटे. तो होताच तसा, अबोल आणि हरवलेला.

मित्र म्हणजे ब्रागे आणि मारित. खोपटं ब्रागेच्या वडिलांचं. ईस्टरची गर्दी खाली उतरली की मोसमातला शेवटचा शनिवार-रविवार हे नवरा-बायको आणि हाल्वर इथे स्की करायला येत. ब्रागे देहाने अस्वल आणि जिभेने वात्रट. मारित त्याला दोन शब्दांत गप्प करणारी. ढगाळ दिवशी बर्फावर सावल्या पडत नाहीत, चढ कुठला नि उतार कुठला ते कुणालाच कळत नाही, आणि ब्रागेसुद्धा उभ्या उभ्या आडवा होतो. हाल्वरला असे दिवस मनापासून आवडत. त्या दिवशी सगळेच त्याच्यासारखे असत.

कॉफीचा मग घेऊन तो दाराबाहेर पडला आणि कुणाच्या तरी अंगावर जाऊन आदळला.

पायरीच्या बाजूलाच ती ओणवी होऊन बुटाचा पट्टा आवळत होती. कॉफी तिच्या बाहीवर सांडली. तिने आधी बाहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“मी एवढी बारीक आहे का रे?”

“नाही... म्हणजे, उन्हाने डोळे दिपले.”

“आभाळ भरलंय.”

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती हसली नाही. पण न हसणं तिला जरा जड गेलं असावं.

तिचं नाव इंगुन. खालच्या खोऱ्यातल्या शाळेत ती मुलांना सुतारकाम शिकवायची, आणि दर वसंतात सरोवरावरच्या काठ्या काढायला वर यायची. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून जी वाट जाते, तिच्या दोन्ही कडांना भुर्जाच्या काठ्या रोवलेल्या असतात. काठी उभी आहे म्हणजे खालचा बर्फ माणूस पेलेल; या मुलखात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणूनच वितळणं सुरू व्हायच्या आत एकूण एक काठी उपटून आणावी लागते, आणि त्या कामाला कुणी एकटं जात नाही. तिच्या जोडीचा म्हातारा ओस्मुन कंबर धरून बसला होता. खोपट्यातलं कुणी येईल का, हे विचारायला ती थांबली होती.

“ह्याला ने,” आतून ब्रागे म्हणाला. “आमच्याकडे नुसता उजेड बघत पडलेला असतो.”

दोघांच्या कमरांना एक लांब दोर बांधला गेला. डावी रांग तिची, उजवी त्याची. मागून काठ्यांची घसरगाडी. पायांखालचा बर्फ करडा, वरचं आभाळ करडं, आणि त्या दोन करड्यांच्या मधून तिची लाल टोपी चाललेली. हाल्वर मान फिरवून टोपी शोधी, सापडली की थोडा वेळ तिला धरून ठेवी, मग पुन्हा काठीकडे वळे. इंगुनच्या ते लक्षात आलं.

“तू फार रोखून बघतोस,” ती दोराच्या पलीकडून म्हणाली.

“त्रास होतो?”

“नाही.” तिने दोन काठ्या उपटल्या. “लोक बोलताना अर्धे माझ्याकडे बघतात, अर्धे खिडकीबाहेर. तू... सगळाच बघतोस.”

तेव्हाच त्याने सांगायला हवं होतं. तो खाली वाकला आणि एक काठी उपटली, जणू तिच्या मुळाशीच उत्तर होतं.

पुढे ती आपणहून बोलू लागली. दोन वर्षांपूर्वी उत्तरेच्या बाजूला कुणाच्या तरी नजरेतून एक काठी सुटली होती. तिचा भाऊ तार्येई धुक्यात घरी परतत होता. ती काठी दिसली आणि त्याचा जीव भांड्यात पडला असणार, असं ती म्हणाली. कारण त्याच्या पावलांचे ठसे तिथून पुढे अगदी सरळ, निवांत गेले होते. तो जूनमध्ये सापडला. हे सारं तिने चालण्याची लय न बिघडवता सांगितलं. हाल्वरने दोर हलकेच ओढला. पलीकडून तिनेही ओढला... तेवढंच.

ओढा जिथे सरोवराला मिळतो तिथे ती थांबली. इथे उजवी रांग जरा बाहेर वळते, होडीघराकडे जाते, नीट बघ, असं तिने बजावलं. हाल्वरने उजवीकडे पाहिलं. एकसारखा करडा पडदा. मान अजून वळवायला हवी होती, थांबून तुकडा तुकडा चाळायला हवं होतं. पण ती बघत होती, आणि ज्या नजरेला तिने नुकतंच ‘सगळी’ म्हटलं होतं ती नजर अशी चाचपडताना तिने पाहावी, हे त्याच्याच्याने होईना.

“निघाल्या सगळ्या?”

“सगळ्या,” हाल्वर म्हणाला.

संध्याकाळी ती त्यांच्याकडेच जेवली. मारितने मेंढीच्या मटणाचा रस्सा केला होता. ब्रागेने हाल्वरच्या वेंधळेपणाच्या कथा चवीने सांगितल्या: भर लग्नात तो नवरीच्या आईला कसा धडकला, काचेच्या दाराला कसा ‘माफ करा’ म्हणाला. इंगुन हसली आणि टेबलाखाली तिचा गुडघा हाल्वरच्या गुडघ्याला टेकला, तो तिने काढून घेतला नाही. मीठ घ्यायला हात लांबवताना हाल्वरच्या कोपराने तिचा पेला उलटला. पुन्हा हशा. त्याही हशात तो सामील झाला.

निरोप द्यायला तो दाराबाहेर गेला. पश्चिमेला अजून उजेड रेंगाळत होता. ती पलीकडच्या टेकाडावर, ओस्मुनच्या खोपट्यात मुक्कामाला जाणार होती.

“फेब्रुवारीत काठ्या रोवायच्या असतात,” ती म्हणाली. “ओस्मुन आता यायचा नाही. येशील?”

“इंगुन, मला तुला एक...”

“काय?”

तिचा चेहरा अगदी समोर होता, अगदी स्पष्ट. पापणीवर वितळलेला बर्फाचा एक कण होता, तोही दिसत होता. एवढं दिसणाऱ्या माणसाला काय झालंय, असं त्याच्या मनात आलं.

“येईन,” तो म्हणाला.

तिने हातमोजा काढून त्याच्या गालाला हात लावला. बोटं खरखरीत होती, लाकडाचा वास येणारी. मग ती गेली, आणि तिची टोपी त्याच्या नजरेतून अशी निसटली जशी हल्ली प्रत्येक गोष्ट निसटे: एका पावलात होती, पुढच्या पावलात नाही.

रविवारी आभाळ निवळलं आणि लख्ख ऊन पडलं. तिघेही रेनडिअरच्या कातड्यांवर, खोपट्याच्या उन्हाकडच्या भिंतीला पाठ टेकून बसले होते. आजच निघायचं होतं. ब्रागे ते पुढे ढकलत संत्रं सोलत होता. सरोवराकडून कुणीतरी हाक मारली. एकदाच, आणि शांतपणे, जसं माणूस शेजाऱ्याला हाक मारतं.

मारित उठून उभी राहिली. “ओढ्याच्या तोंडाशी... लाल टोपी. अरे, ती पाण्यात आहे.”

टेकाडावरून सकाळच्या तिरप्या उन्हात इंगुनला त्या दिसल्या होत्या: होडीघराच्या बाजूला तीन काठ्या, काळ्याभोर, उभ्या. तीनच तर आहेत, काठाजवळच आहेत, हाल्वरला कशाला उठवा आणि त्याची चूक दाखवा, असा विचार करून ती एकटी उतरली होती. दोन काढल्या. तिसरीला तिचा हात लागला तेव्हा खालचा बर्फ गेला. पण हे सगळं नंतर कळलं.

मारित मदत मागवायला फोन घेऊन टेकाडाकडे धावली. खाली सिग्नल नव्हता. ब्रागेने धुराडं साफ करायला भिंतीशी ठेवलेली शिडी उचलली. काठावर पोचताच हाल्वर त्याला म्हणाला की तुझं वजन बर्फ घेणार नाही, मीच जातो. ब्रागेने त्याच्या कमरेला दोर बांधला. हाल्वर पोटावर आडवा झाला आणि शिडी पुढे ढकलत सरपटू लागला.

बर्फ पेटल्यासारखा चमकत होता. त्या झळाळीत नजरेच्या मध्यभागी नाण्याएवढी जागा उरली होती, आणि त्या जागेत इंगुन नव्हती.

“कुठंय ती?” तो ओरडला.

“समोर बघ की,” ब्रागेचा आवाज चिरकला. “समोरच आहे. हाल्वर, तू भलतीकडे चाललायस.”

तो थांबला. गालाखालून बर्फाचा कण्हण्याचा आवाज येत होता. नजर त्याने एकीकडून दुसरीकडे नेली, परत आणली. पांढरं, पांढरं, काठी, पांढरं. ती इतकी जवळ होती की तिच्या दातांची कडकड ऐकू येत होती. आणि मग तिचा आवाज आला, एकेक शब्द थंडीतून ओढून काढलेला.

“हाल्वर. तुला मी दिसत नाहीये.”

त्याने आवाजाकडे मान वळवली.

“डावीकडे वळ... अजून. आता सरळ. शिडी ढकल. थांब, जास्त झालं. थोडी मागे.” ती दम घेत होती. “आता सोड.”

शिडी कशाला तरी अडली, आणि दुसऱ्या टोकाला वजन आलं. सरपटत तो शिडीवरून पुढे गेला, हात फिरवत; त्याच्या हाताला ओली लोकर लागली, मग मनगट. मागून ब्रागे बैलासारखा ओढत होता. पाण्यातून ती बाहेर आली तेव्हा हाल्वरच्या डोळ्यांपुढे फक्त तिचे ओठ होते, निळे, आणि ते अजूनही ‘थोडं डावीकडे’ म्हणत असल्यासारखे हलत होते.

खोपट्यात त्यांनी तिचे कपडे कापून काढले, तिला घोंगड्यांत गुंडाळलं, चूल पेटवली. मदत निघाली आहे, हेलिकॉप्टर येतंय, असं मारितने परत येऊन सांगितलं. इंगुनच्या उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. पाण्यातून निघेपर्यंत ती त्याच हाताने बर्फाची कड धरून होती. सुतारकाम करणाऱ्या बाईची बोटं. मारितने ती आपल्या काखेत धरली. मग ब्रागे दाराबाहेर जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

“कालही दिसत नव्हतं?” इंगुनने विचारलं.

“नाही.”

“म्हणजे त्या तीन काठ्या...”

“मी बघितलंच नाही. बघायला थांबलो असतो तर तुला कळलं असतं.”

तिने डोळे मिटले. बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता. राग असता तर हाल्वरला सोसवला असता.

“तू सांगितलं असतंस ना, तर मी उजवी रांग घेतली असती. इतकंच झालं असतं रे. मी तुझ्या बाजूला आले असते.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान भिंतीकडे वळवली होती. दूरवर हेलिकॉप्टरच्या पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. मारितने तिला उठवून बसवलं, डोक्यावर कोरडी टोपी चढवली.

“कशाने होतं ते?” भिंतीकडे बघतच इंगुनने विचारलं. “बरं होणारं आहे का?”

मारितही त्याच्याकडे वळली. ऊन, थकवा, अपुरी झोप... सगळी उत्तरं नेहमीसारखी जिभेवर येऊन उभी राहिली. घरघर वाढत गेली, खिडकीची काच थरथरू लागली, आणि तिला नेणारी माणसं दाराशी पोचण्याच्या आत हाल्वरने ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

“नाही. मी आंधळा होतोय.”