सायराबीनं वळलेली कॉइल

गफारचा आणि सायराबीचा निकाह झाला. त्या दिवशी नवरदेवाला डावी भुवई नव्हती. पण हे आपण इथंच विसरून जाऊ, असं काही झालंच नाही असं धरून चालू. कारण आत्ता चैत्रातली दुपार आहे, भूमच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानात गफार कुणाचीतरी इस्त्री उघडून बसलाय, आणि त्याला दोन्ही भुवया आहेत.

पायरीपाशी हातगाडी थांबली. गाडीवर बसल्या माणसाएवढी लोखंडी पेटी, आणि पेटीला हात लावून एक मुलगी. तिच्या ओढणीच्या काठाला ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं होती. गफारनं आधी भोकं पाहिली, मग डोळे पाहिले... मग घाईनं इस्त्रीत पाहिलं. इस्त्रीत आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“धुराची पेटी हाय. विजंवर चालती,” ती म्हणाली.

“काय करती?”

“धूर.”

गफारनं यावर गंभीरपणे विचार केला. जो धूर कुठलंही ओलं लाकूड फुकट देतं, तो विजेवर काढायचा. असलं सुंदर काम त्याच्याकडं आजवर आलं नव्हतं.

तिनं मग सगळं सांगितलं. ती सायराबी, तेरखेड्याच्या फटाकेवाल्याची लेक. तिची खाला, म्हणजे मावशी, फातिमाबी शेजारच्या गल्लीत खानावळ चालवायची, तिच्या मदतीला आलेली. फातिमाबीचे मरहूम मालक निजामाच्या एका शिकारी अंमलदाराकडं खानसामा होते. विलीनीकरणात साहेब हैदराबादला गेले, मटणाला धुरी द्यायची विलायती पेटी मागं राहिली. तिची आठवण आत्ताच यायचं कारण घरमालक बाबूराव. हे रिटायर कारकून खानावळीच्या माडीवर राहायचे, आणि चुलीवर धुरीचं मटण चढलं की खाली गिऱ्हाईक जेवायचं, वर बाबूराव खोकायचे. त्यांनी लेखी कळवलं होतं की येत्या बाजारापासून सदर धूर बंद व्हावा, अन्यथा जागा खाली करावी. धुरीच्या मटणाशिवाय त्या खानावळीत कुणी पाऊल टाकत नव्हतं.

“आन् जागा गेली तर?”

“खाला आन् मी, दोघी तेरखेड्याला.”

बाजाराला चार दिवस होते. गफारनं पेटीची वायर जोडली, बटण दाबलं. आत निळा उजेड झाला, चट् आवाज आला आणि सगळं शांत झालं.

“आमच्याकडं ह्याला फटाका म्हणत्यात,” सायराबी म्हणाली.

पेटी होती साहेबाच्या बंगल्यातल्या कमी दाबाच्या विजेची, तिला भूमची वीज सोसली नाही. कॉइल जळाली. गफारनं गोरोबा कुंभाराकडून खाचा पाडलेली मातीची चकती भाजून आणली आणि विजेच्या शेगडीची तार सायकलच्या स्पोकवर गुंडाळून नवी कॉइल केली. ती कुठं दाट झाली, कुठं विरळ. दाट जागी लालभडक झाली आणि तुटली. दुसरीही तुटली. तिसरीच्या वेळी सायराबीनं तार त्याच्या हातातून घेतली.

लहानपणापासून फटाक्याच्या वाती वळलेली बोटं ती. वात कुठं सैल, कुठं घट्ट झाली तर फटाका हातात फुटतो, म्हणून त्या घरात पोरींना आधी सारखं वळायला शिकवतात, बाकीचं मग. वेढ्याला वेढा लागत गेला. तिनं स्पोक काढून घेतला, कॉइल दोन्हीकडून ओढून चकतीच्या खाचेत बसवली. दोन वेढ्यांमधलं अंतर कुठंच केसभरही कमी-जास्त नव्हतं. गफारनं हातातली पकड खाली ठेवली. हत्यार धरून बघण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

“चुकलं का कुठं?” तिनं विचारलं.

“न्हाय... तेच बघतोय.”

“लई येळ बघताय.”

“बारीक काम हाय,” गफार म्हणाला, आणि त्यानं आणखी थोडा वेळ बघितलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी पेटी खानावळीत लावली. कॉइलवर पत्र्याचं ताट, ताटात लाकडाचा भुसा. भुसा सायराबीनं घरून मागवलेला, चांगला पोतंभर. फक्त ते पोतं आधी कशाचं होतं, हे कुणी विचारलं नाही. तेरखेड्यात पोत्यात फटाक्याच्या दारूचा सोरा असतो, हे तिला इतकं सवयीचं होतं की तिच्या ध्यानातच आलं नाही. गफारनं वाकून आत पाहिलं आणि पेटीनं झाड उडवलं. दिवाळीतलं. दार उघडून भिंतीवर आपटलं, ठिणग्या माडीच्या कठड्यापर्यंत गेल्या. कठड्याशी बाबूराव चहा पीत होते.

धुरळा बसल्यावर सायराबी पेटीत डोकावली. “तार शाबूत हाय.” मग गफारकडं वळली. “तुमची भुवई न्हाय.”

“दुसरी हाय की.”

ती हसली नाही. ओढणीचं टोक भिजवून तिनं पुढं केलं, हात लावला नाही, नुसतं टोक धरून उभी राहिली. तेवढ्यात गफारचं व्हायचं ते होऊन गेलं.

बाजाराच्या दिवशी सुताराकडचा बाभळीचा भुसा आणला. कॉइल तांबूस झाली, भुसा धुमसायला लागला. वाकलेल्या दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं, आत मटणाला धूर लागायला लागला आणि बाहेर एक रेघही येईना. बाकांवर गिऱ्हाईक. वर बाबूराव नाक पुढं काढून बसलेले. आणि वीज गेली.

दार नीट मिटत नव्हतं; फडकं धूर अडवायचं, ऊब नाही. ऊब निसटली तर मटण कच्चं राहणार. सायराबीनं दोन्ही तळहात दारावर दाबले. शेजारी गफारनं दाबले. लोखंड कोमट होतं. दोघांच्या हातांत चार बोटांचं अंतर होतं, ते हळूहळू तीन झालं... फातिमाबीनं पीठ मळण्यात लक्ष घातलं.

“ही कॉइल तुटली,” गफार म्हणाला, “तर तुमी तेरखेड्याला जाणार.”

“तुटायची न्हाय. म्या वळलीय.”

“मग मला इथं काय काम?”

तिनं दार आणखी जोरानं दाबलं. “तुटत न्हाय ना, हे कुणीतरी रोज बघाया पाहिजे.”

“रोज?”

“जलमभर चालंल का, ते खालाला इचारा. मला चालंल.”

अर्ध्या तासानं वीज आली. दारावर आता दोघांची गरज उरली होती का, हे कुणी तपासलं नाही. मटण झालं, ताटं गेली, पुन्हा ताटं आली. बाबूराव खाली उतरले, पेटीभोवती एक चक्कर मारली, धूर सापडला नाही म्हणून थोडे नाराज झाले आणि नोटीस परत घेऊन जेवायला बसले.

त्याच संध्याकाळी बाबूरावांनी मजकूर सांगितला आणि गफारनं लिहिला:

‘मेहेरबान वीज कचेरीचे साहेब यांचे सेवेशी. अर्जदार गफार, धंदा इस्त्री दुरुस्ती, राहणार भूम, विनंती अर्ज करतो की, दर बाजारच्या दिवशी दुपारी बारा ते साडेबारा सदर गावची वीज बंद ठेवण्यात यावी. कारण विचारण्यात येऊ नये. तसेच वीज पुन्हा सोडण्यापूर्वी अर्जदारास आगाऊ सूचना मिळावी, म्हणजे दारावरील हात काढून घेण्यास पुरेसा अवधी मिळेल. कळावे.’