बैठक अजून उठलेली नाही

"बेटी, आरती झाल्याशिवाय कोणाला उठू देऊ नकोस. बोलावलं तर निरोपही द्यावा लागतो."

मानाजी बांचा हा आवाज मला रोज ऐकू येतो.

आठवणीत नाही... कानात.

हे खरं घडलेलं आहे. स्नानापासून नैवेद्यापर्यंत मौन, असं माझं चौदा वर्षांचं व्रत आहे. आत्ताही मौनातच आहे. बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. देवापुढे बसून खोटं लिहिण्याची माझी छाती नाही.

शनिवार, १२ डिसेंबर १९९८. गाव देवास. आमच्या कॉलनीतला गणपतीचा हॉल.

माझे धाकटे दीर, रत्नाकरभावजी, कारखान्यात सुपरवायझर. पण जीव सगळा गिटारमध्ये. अंकित आणि आयुष या मित्रांना घेऊन त्यांनी 'डगर' नावाचा बँड काढला होता. माळव्यातली गावठी गाणी, आणि त्यांवर गिटार, ड्रम. लोक त्याला फोक-रॉक म्हणत. मी 'भावजींचा गोंधळ' म्हणे.

त्या संध्याकाळी त्यांची कॅसेट रेकॉर्ड होणार होती. स्टुडिओत नाही, लोकांसमोर वाजवून. तीन पाहुणे कलाकार बोलावले होते. कुक्षीचा ढोलवाला, इंदूरच्या व्हायोलिनवाल्या बाई आणि पीपलरावां गावचे मानाजी बा.

बा सत्तरीचे. पूर्वज मराठा फौजेबरोबर इकडे आलेले. पाच तारांचा तंबोरा छातीशी धरून भजन गायचे. आल्या आल्या त्यांनी स्टेजवरच्या खुर्च्या काढायला लावल्या.

"खुर्चीवर भजन नाही होत, भिया. सतरंजी टाका."

"बा, ड्रमपण खाली बसवू का?" अंकित हसला.

"तू बस. तो आपोआप बसेल."

सहाही जण सतरंजीवर बसले. मी चहाची किटली घेऊन बाजूला उभी होते.

बांनी दिवा लावला. डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी ही गाणी आधी गायली, ते सगळे या. बसा."

माझ्या अंगावर काटा आला. हे नुसतं बोलणं नव्हतं. हे आवाहन होतं. पूजेत आपण देवाला बोलावतो, तसं.

मग बांनी मला जवळ बोलावलं आणि वर लिहिलंय ते सांगितलं. मी म्हटलं, "हो बा. मी बघते."

गाणी सुरेख झाली. इतकी, की रेकॉर्डिंगवाल्याने शेवटच्या गाण्यानंतर हात वर केला तेव्हा सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"टेप खतम! पॅकअप!"

"आरती राहिली," बा म्हणाले.

"बा, कॅसेटवर आता आरतीला जागा नाही," भावजी हसत म्हणाले. "चला, पुऱ्या गार होतायत."

बांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "वहिनी, श्रीखंड कुठे ठेवलंय?"

आणि मी गेले.

परत आले तेव्हा बा निघून गेले होते. तंबोरा तिथेच होता. खोळही घातली नव्हती. चौकीदार दत्ताजी म्हणाले, "म्हातारा बोलला, बैठक उठली की नेईन."

तंबोरा आम्ही घरी आणला. अकराव्या दिवशी निरोप आला... बा गेले.

कॅसेट फेब्रुवारीत आली. भावजींनी कौतुकाने लावली. साइड बी संपली. शेवटच्या गाण्यानंतर नुसती खरखर.

मग...

एक तार वाजली.

मग दुसरी.

"प्रिंटची गडबड है, भाभी," अंकित म्हणाला. रेकॉर्डिंगवाल्याला फोन केला. तो वैतागलाच. "गाणं संपलं तिथे माझी टेप संपली. पुढे आवाज येईलच कुठून?"

त्या कोऱ्या खरखरीत मी एकदा कान लावून बसले. एक तंबोरा नव्हता. वेगवेगळ्या सुरांतले पाच होते.

हॉलमध्ये तर एकच होता.

मी कॅसेट कपाटात ठेवून कुलूप लावलं. तरी आवाज यायचाच. तोही नेमका माझ्या मौनाच्या वेळी. कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडून मानाजी बा विचारायचे, "बेटी... झाली का?"

मला उत्तर देता येत नसे.

नैवेद्य दाखवून मी घाईघाईने म्हणायचे, "नाही हो बा, राहिली." पण तोवर कोपरा गप्प झालेला असायचा.

श्रावणापासून भावजी बसू लागले. कारखान्यातून आले की जमिनीवर मांडी घालायची, तोंड भिंतीकडे, बोटं गुडघ्यावर ताल धरणार. आधी तासभर. मग रात्रभर. दिवाळीनंतर ते उठलेच नाहीत.

"भावजी, उठा. दोन घास खाऊन घ्या."

"बैठक चालू आहे, वहिनी. मधेच कसा उठू?"

मी ताट तिथेच नेलं. त्यांनी घास घेतला आणि डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाले, "यांनाही वाढा की."

इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. पाय ठीक, रक्त ठीक, फोटो ठीक. पण मांडी सुटत नाही. आमचे हे नोकरीपायी बागलीला असतात, शनिवार-रविवार येतात. काल रात्री त्यांनी भावाला काखेत धरून उचललं. भावजी तसेच्या तसे, मांडी घातलेलेच वर आले. ह्यांनी त्यांना खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन रडले.

अंकितची आई, जयाताई, देवळात भेटल्या. मी काही विचारायच्या आतच माझा हात धरून म्हणाल्या, "आमचाही बसलाय हो."

परवा मी पीपलरावांला गेले. बांची बायको, मालनबाई, मला पाहून दारातच थांबल्या.

"उशीर केलास."

"बा... शेवटी कसे होते?"

"बसलेले. बसलेच गेले. चौघांनी सरळ करून पाहिलं, झाले नाहीत." त्या पदराने डोळे पुसत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. "साल पूरा व्हायच्या आत उठव. मग कोणी नाही उठणार."

त्यांनी मला बांची आरती शिकवली. चारच ओळी. जिथे बैठक बसली तिथेच म्हणायची, सूर्य उगवायच्या आत, मोठ्याने. आणि जो त्या बैठकीला हजर होता पण बसला नव्हता, त्यानेच.

बाकी सहाही जण बसले होते.

मी एकटी उभी होते.

आज १२ डिसेंबर १९९९. वर्ष आज पुरं होतं. पावणेसहा वाजलेत. नैवेद्याला अजून अवकाश आहे, म्हणजे आरतीसाठी आज पहिल्यांदा मौन मोडावं लागणार. मोडीन. देवाला मी समजावीन. भावजींच्या आईला काय समजावू? जाताना त्यांनी ह्या मुलाचा हात माझ्या हातात दिला होता.

हॉलची किल्ली काल संध्याकाळीच दत्ताजींकडून आणली. किल्ली देताना ते घुटमळले.

"वहिनी, हॉलमध्ये पहाटे कोण येतं बैठकीला?"

"का हो?"

"सतरंजी रोज मी गुंडाळून ठेवतो. सकाळी पसरलेली असते. बसल्याच्या खुणा असतात. पुष्कळ." मग आवाज उतरवून म्हणाले, "एक जागा मात्र कोरी असते. त्या दिवशी तुम्ही किटली घेऊन उभ्या होतात ना, तिथली."

मी किल्ली पदराला बांधली.

पण रात्रभर तीच जागा डोळ्यांपुढे होती.

निरांजनात तूप घातलं आहे. फुलवाती, काडेपेटी, कापूर ताटात आहे. तंबोऱ्याला नवी खोळ शिवली आहे. आत्ता तो उचलून पाहिला. पोकळ भोपळ्याचा तंबोरा... पण मांडी घातलेला माणूस उचलावा, इतका जड लागला.

हे आत झोपलेत. जागे झाले तर हा कागद देव्हाऱ्यात सापडेल.

भिंतीकडे तोंड केलेल्या भावजींच्या बोटांचा ताल नुकताच थांबला आहे. ते वाट बघतायत, असं वाटतं. ते, आणि त्यांच्या शेजारचे.

आरती उभ्यानेच करतात, एवढं एक माझ्या बाजूला आहे.

मी उभीच राहीन. कोणी कितीही आग्रहाने 'बसा' म्हटलं... तरी बसणार नाही.

चप्पल घातली नाही. वाजते.

निघते.